थंड पाण्यातली पात

ऑगस्टच्या उन्हात अजमानच्या बसस्टॉपवर काखेत लोकरीची कानटोपी आणि जाड जॅकेट घेऊन उभा असलेला माणूस दिसला, तर खुशाल समजा तो भिकाजी कोयंडे. खोलीतली मंडळी त्याला रोज विचारतात, "काय भिकाजीभाऊ, आज बर्फ पडणार का?" तो उत्तर देत नाही. उत्तर दिलं की चेष्टा वाढते, हे एकोणीस वर्षांच्या आखाती मुक्कामात त्याला कळून चुकलंय.

आता हे कपडे कशाला, तर भिकाजी दुबईतल्या एका मत्स्यालयात कामाला आहे. पुढच्या मोठ्या टाकीत शार्क फिरतात आणि अख्खं जग त्यांच्यासमोर उभं राहून फोटो काढतं. भिकाजीचा त्यांच्याशी संबंध नाही. त्याचं ठिकाण मागच्या बाजूला, थंड दालनात. तिथे काचेआड उत्तरेकडच्या गार समुद्राचा एक तुकडा मांडलाय. काळे दगड, दगडांवर शिंपले, कपारीत खेकडे, फुलासारखे पसरलेले प्राणी, काटेरी गोळे, आणि या सगळ्यांवर डुलणारी केल्पची लांब पाती. पाणी दहा डिग्री. पाण्यावरची हवाही गारच ठेवावी लागते. ती गार ठेवणारं मशीन म्हणजे चिलर, आणि त्या चिलरचा माणूस म्हणजे भिकाजी.

खरं तर नोकरी फक्त चिलरची होती. पण भिकाजी कोकणातल्या आचऱ्याकडच्या गाबीतवाडीतला, म्हणजे मासेमारांच्या वस्तीतला. लहानपणी आईबरोबर ओहोटीला खडपावर, म्हणजे उघड्या पडलेल्या खडकांवर जाऊन कोयत्याच्या टोकानं कालवं फोडलेला माणूस. त्याला दगड आणि खारं पाणी दाखवून "तू फक्त मशीन बघ" म्हणणं म्हणजे मांजराला दुधाच्या भांड्यावर राखणीला बसवणं. महिन्याभरात तो काच पुसायला लागला, मग खेकड्यांना खाऊ घालायला लागला, आणि वर्षभरात दालनाची मुख्य असलेली संजना प्रत्येक गोष्ट आधी त्याला विचारायला लागली.

संजना दुबईतल्याच अल बर्शात वाढलेली मराठी पोर. सागरी जीवशास्त्र शिकून आलेली, तिशीतली. मराठी बोलायची, पण वाक्य सुरू मराठीत व्हायचं आणि संपायचं इंग्रजीत. भिकाजीला काका म्हणायची. भिकाजी तिला मॅडम म्हणायचा आणि रागावला की "ए बाय" म्हणायचा.

केल्पला भिकाजी पात म्हणत असे. हे काही झाड नव्हे, शेवाळाचाच मोठा भाऊ, हे त्याला संजनानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. उत्तरेतल्या एका देशातून बोटभर रोपं दगडांना चिकटलेल्या स्थितीत बर्फाच्या पेटीतून विमानानं आली होती. दोन वर्षांत पात पुरुषभर झाली. रंग कोऱ्या चहाचा, पोत ओल्या चामड्याचा. पाणी उतरलं की ती दगडांवर आडवी पडायची आणि तिच्याखाली खेकडे, गोगलगायी, बारीक कोळंब्या अशी सगळी बिऱ्हाडं दमट सावलीत गुपचूप बसायची. भिकाजीला ते बघायला फार आवडे. आपल्याकडे खडपावर कालवांचं जे राज्य, तेच इथे या पातीचं, असं तो म्हणायचा.

तर अशी ती पात गेल्या उन्हाळ्यात सडायला लागली.

झालं असं, की टाकीची भरती-ओहोटी करणारा टायमर बिघडला. नवा भाग परदेशातून यायचा होता आणि येतो येतो म्हणत दीड महिना गेला. तेवढे दिवस टाकी काठोकाठ भरलेली. नुसती भरती, ओहोटी नाहीच. पातीवर तपकिरी बुरशीसारखा मऊ थर चढला, गोगलगायी खालून वर चढून पातीचे लचके तोडू लागल्या, आणि शेंडे फाटून चिंध्या झाले. मत्स्यालयाचा कारभार बघणारे झैदसाहेब एके दिवशी काचेसमोर उभे राहिले आणि हिंदीत म्हणाले, "भिकाजी, ये गार्डन है या कचरा?"

झैदसाहेब मनानं वाईट नव्हते. पण त्यांना वर जाब द्यायचा होता. त्यांनी सरळ सांगितलं की महिनाअखेरच्या गुरुवारपर्यंत पात सुधारली तर ठीक, नाहीतर थंड दालन बंद. त्या जागी प्लास्टिकचं केल्प लावायचं, कोमट पाण्याचे रंगीत मासे सोडायचे आणि खलास. प्लास्टिकचा नमुनाही आणून ठेवला होता, हिरवागार, चमकणारा. भिकाजीनं तो बोटांनी चाचपून बघितला. खऱ्या केल्पला असला रंग सात जन्मांत येणार नव्हता. पण मुद्दा रंगाचा नव्हता. प्लास्टिकला थंडी लागत नाही, आणि थंडी नको तर चिलरचा माणूसही नको. भिकाजी त्रेपन्न वर्षांचा होता. व्हिसा दोन महिन्यांत संपत होता. या वयात दुसरीकडे कोण उभं करणार त्याला?

संजनानं त्यातल्या त्यात मार्ग काढला. "काका, टायमर येईपर्यंत आपण मॅन्युअली करू. रोज थोडंसं पाणी उतरवा, वीतभर, मग परत भरा. जस्ट टू गिव्ह देम सम एअर."

रोज, ठरावीक वेळी, वीतभर. भिकाजीला हे पटलं नाही. समुद्र काय ऑफिसात जातो, रोज त्याच वेळी यायला? त्यानं मान डोलावली आणि आपल्याला जे येत होतं ते केलं. खोलीत भिंतीवर मराठी कॅलेंडर होतं. त्यात तिथी बघायची आणि तिची पाऊणपट करायची, म्हणजे भरतीची वेळ निघते. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे भरती सहाला आणि ओहोटी त्यानंतर सहा तासांनी, भर दुपारी बाराला. हे गणित त्याच्या आजोबांनी शिकवलेलं, आणि कोकणच्या किनाऱ्यावर ते कधी चुकत नाही. अष्टमीला भांग, म्हणजे पाणी जेमतेम हलायचं. अमावस्या-पुनवेला उधाण, म्हणजे भरेल तेव्हा काठोकाठ आणि उतरेल तेव्हा तळ दाखवील.

भिकाजीनं अष्टमीला सुरुवात केली. जी ओहोटी ड्युटीत पडेल ती पाळायची. पहिल्या दिवशी चार बोटं, दुसऱ्या दिवशी जरा जास्त. संजना समोर असली की तीही बघून "गुड, गुड" म्हणायची. तिला वाटलं काका आपलं ऐकतायत. काकांना वाटलं मॅडमना पटलंय. दोघंही खूष.

मग अमावस्या आली. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, ओहोटी सव्वापाचला. भिकाजीनं बरोबर सव्वापाचला व्हॉल्व्ह पूर्ण उघडला आणि पाणी अडीच हात खाली नेलं. दगड उघडे पडले. पात ओल्या पोत्यासारखी आडवी झाली. आणि नेमकं त्याच वेळी झैदसाहेब चार पाहुण्यांना घेऊन दालनात आले.

"भिकाजी, ये क्या है? लोग खाली टंकी देखने आते हैं?"

"साब, आज उधाण है," भिकाजी म्हणाला.

झैदसाहेबांना उधाण म्हणजे काय ते कळलं नाही आणि विचारावंसंही वाटलं नाही. पाहुण्यांना घेऊन ते शार्ककडे गेले. भिकाजी मात्र जागचा हलला नाही. आईनं सांगितलेलं, ओहोटी अर्ध्यावर मोडायची नसते. त्यानं पात पुरती दीड तास उघडी ठेवली आणि मगच पाणी सोडलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी दालनात शिरला आणि दारातच थबकला. पाण्यात तपकिरी चिंध्याच चिंध्या. फिल्टर तुंबलेला. पातीचे शेंडे आधी पांढुरके पडले होते, ते आता तुटून गळाले होते. पुरुषभर उंचीची पात कापून टाकल्यासारखी हातभर उरली होती. करायला गेला गणपती आणि झाला मारुती!

त्यानं संजनाला बोलावलं आणि सगळं कबूल केलं. तिथी, पाऊणपट, उधाण, दीड तास, काही लपवलं नाही. ऐकताना तिचा चेहरा लाल होत गेला.

"काका, मी वीतभर म्हणाले होते. हे कोकण नाहीये!"

"चुकलं मॅडम."

"मला सांगायचंत तरी! मी इतके दिवस बघतेय आणि मला एका शब्दानं..."  मग ती आपलीच लाज वाटल्यासारखी म्हणाली, "मी पण नीट विचारलं नाही. लेट मी थिंक."

विचार करून ती ऑफिसात गेली आणि कागदाला भोक पाडायचं पंचिंग मशीन घेऊन आली. भिकाजीला वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला. पण ती गंभीर होती. प्रत्येक पातीला बुडापासून दहा सेंटिमीटरवर एक भोक पाडायचं आणि रोज अंतर मोजायचं. पात जिवंत असेल तर भोक सरकेल, मेली असेल तर जागच्या जागी राहील. अशा बारा पाती निवडल्या. भोकं भिकाजीनंच पाडली, कोपरापर्यंत हात गार पाण्यात घालून. आधीच मेलेल्याला आणखी टोचायचं, त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

"मला आजच फुजैराला जायचंय," संजना म्हणाली. "तिकडच्या टाक्यांचं काम आहे, नेक्स्ट थर्सडेला सकाळी परत. तोवर तुम्ही रोज मोजा. आणि काका, प्लीज, पाणी रोज वीतभरच."

गुरुवार, म्हणजे झैदसाहेबांचाच दिवस. मधे सात दिवस.

इथे भिकाजीच्या हातून दुसरी चूक झाली, आणि ती कोकणातल्याच माणसाच्या हातून व्हावी अशी होती. त्याच्या दारात बारा माड. माडाचं सगळं आयुष्य शेंड्यात. भुंगा शेंड्यात शिरला आणि त्यानं कोंब खाल्ला की माड संपला, खाली खोड कितीही टणक असो. शेंडा गेला तर माड गेला, हे वाडीतलं शेंबडं पोरही सांगेल. त्यामुळे मोजायचं म्हटल्यावर भिकाजीनं पट्टी लावली ती शेंड्याकडून. शेंड्यापासून भोकापर्यंत. पहिल्या दिवशी तीस सेंटिमीटर. दुसऱ्या दिवशी एकोणतीस. तिसऱ्या दिवशी सत्तावीस.

पात रोज आखूड होत होती. बाराच्या बारा. भोक शेंड्याजवळ येत होतं, म्हणजे शेंडा भोकाकडे येत होता, म्हणजे पात वरून झिजत चालली होती. चौथ्या दिवशी त्यानं दोनदा मोजलं. पंचवीस. आकडा कागदावर लिहिला आणि कागद खिशात घातला. 

संजनाचा मेसेज आला, "काका, नंबर्स?" त्यानं बराच वेळ फोनकडे बघितलं आणि लिहिलं, "मोजतोय. सगळं बरं आहे." आता तुम्ही म्हणाल, लेकाच्या, खरं सांगून टाकायचंस की. सांगितलं असतं तर दोन मिनिटांत उलगडा झाला असता. पण एकदा तोंड भाजलेला माणूस दुसऱ्यांदा तोंड उघडायला घाबरतो. पोरीनं आपल्यावर विश्वास टाकला, आपण तिचं दालन बुडवलं, आता ती तिथे लांब कामात असताना तिला आणखी कशाला रडवायचं, असा त्याचा हिशेब.

घरी बायकोचा, कुंदाचा फोन रोज दुपारी जेवणाच्या सुट्टीत व्हायचा. तिलाही तो तेच सांगत होता. "कसा आसा?" "सगळा बरा आसा." "काम?" "बरा." मग फोन ठेवून डबा तसाच बंद करायचा.

सहाव्या दिवशी एकवीस. भिकाजीनं पाती मोजल्या आणि मग तिथेच दगडांकडे बघत बसला. एक खेकडा पातीखालून बाहेर आला, आखूड झालेल्या पातीखाली अंग मावतं का बघितलं आणि परत आत सरकला. भिकाजीला भडभडून आलं. मनात म्हणाला, बाबा, तुझं आणि माझं छप्पर एकदमच जाणार. संध्याकाळी अजमानला पोचल्यावर त्यानं पलंगाखालची बॅग काढून झटकली. खोलीतल्यांनी विचारलं, "सुट्टीवर का?" तो म्हणाला, "बघू." त्या दिवशी कुणी बर्फाची चेष्टा केली नाही.

गुरुवारी संजना सकाळीच आली, थेट गाडीतून, केस विस्कटलेले. झैदसाहेब दहाला येणार होते. नऊ वाजले होते. भिकाजी चिलरपाशी उभा होता.

"काका, आकडे द्या."

त्यानं खिशातला कागद काढून दिला आणि खाली बघितलं. तिनं कागद वाचला. तीस, एकोणतीस, सत्तावीस, पंचवीस, तेवीस, एकवीस. तिचा चेहरा पडला. "सगळं बरं आहे म्हणालात ना तुम्ही?"

"मॅडम, धीर झाला नाही."

 तिनं बाही वर केली, पट्टी घेतली आणि पाण्यात वाकली. पहिल्या पातीपाशी तिनं पट्टी लावली आणि तिथेच थांबली. मग दुसरी पात. मग तिसरी.  चौथ्या पातीला ती ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटली. मग मान न वळवता म्हणाली, "काका, तुम्ही कुठून मोजत होतात?"

"शेंड्याकडून. जिथून वाढतं तिथून."

संजना पाण्यातून उभी राहिली. कोपरातून पाणी निथळत होतं. ती हसत होती की रडत होती, भिकाजीला कळेना.

"काका, ही शेंड्यातून वाढत नाही. ही बुडातून वाढते! इथून, दांडा संपतो आणि पान सुरू होतं ना, तिथून. नवं खालून येतं आणि जुनं वर ढकलतं. शेंडा म्हणजे सगळ्यात म्हातारा भाग, तो झिजणारच. इकडे या. इथे बघा."

भिकाजी वाकला. तिनं पट्टी बुडाशी टेकवली होती. दहावर पाडलेलं भोक सोळावर होतं.

"सोळा?" त्यानं विचारलं.

"सोळा. त्या पलीकडच्याला सतरा. सात दिवसांत सहा-सात सेंटिमीटर, काका! आणि हा खालचा भाग बघा, एकदम क्लीन. वरचा बुरशीचा भाग गळून गेला, त्याच्याबरोबर घाण पण गेली."

भिकाजीनं ओली बोटं बुडाशी नेली. खरंच, खालची बोटभर पात नवीकोरी होती, गुळगुळीत, पातळ, उजेडात मधासारखी. गोगलगायी खाली दगडावर जाऊन बसल्या होत्या. तो सहा दिवस रोज त्याच पातीला हात लावत होता आणि रोज वरच बघत होता. त्याचा जीव भांड्यात पडला, आणि एवढा जोरात पडला की त्याला चिलरच्या पाइपाला धरून उभं राहावं लागलं.

"माझ्या उधाणानं झालं का हे?" त्यानं हळूच विचारलं.

"माहीत नाही. असेलही. कदाचित तसंही झालं असतं. पण दीड तास उघडी ठेवूनही जगली, एवढं नक्की." मग बोट रोखून म्हणाली, "पुढच्या वेळी आधी मला सांगायचं. तिथी, पाऊणपट, सगळं. मला शिकवायचं."

"शिकवतो, ए बाय," भिकाजी म्हणाला. रागावलेला नव्हता, तरी तेच तोंडात आलं.

दहाला झैदसाहेब आले. त्यांच्या हातात प्लास्टिकवाल्याचा फोन चालू होता. संजनानं त्यांना काचेपाशी नेलं आणि इंग्रजीत भराभरा सांगितलं. साहेबांचा आधी विश्वास बसला नाही. मग त्यांनी स्वतः अंगातल्या लांब अरबी झग्याची, कंदुऱ्याची बाही दंडापर्यंत सारली, हात गार पाण्यात घातला, "या अल्ला, कितना ठंडा!" म्हणाले आणि भोक शोधून बुडापर्यंत बोट फिरवलं. एकदा, मग परत एकदा.

"ऊपर तक कब आएगा?" त्यांनी विचारलं.

"छह महिना साब," भिकाजी म्हणाला. "इन्शाल्ला."

"तुम्हारा वीजा तो दो महिने में खतम है."

 झैदसाहेबांनी ओला हात झटकला, फोन कानाला लावला आणि पलीकडच्या माणसाला अरबीत दोन वाक्यं सांगितली. त्यातला "खलास" एवढा शब्द भिकाजीला कळला. मग फोन खिशात टाकून ते म्हणाले, "पासपोर्ट मंडे को ऑफिस में देना. दो साल का करेंगे." आणि हात पुसायला काहीतरी शोधत बाहेर गेले.

जेवणाच्या सुट्टीत भिकाजी मागच्या दारानं बाहेर आला आणि सावलीतल्या कट्ट्यावर बसला. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. जॅकेट काढायचं त्याला सुचलं नाही.  फोन वाजला. कुंदा.

"कसा आसा?"

"सगळा बरा आसा," तो म्हणाला, आणि या खेपेला ते खरं होतं.

 कुंदा म्हणाली, "खोटा बोला नको. आठ दिवस तू माका सगळा बरा सांगतंस. आठ दिवसांत एकदा चायेक नावां ठेवलंस नाय. बसीक ठेवलंस नाय. खोलीतल्या कोणाक शिवी घातलंस नाय. एकोणीस वर्षांत असा कधी झाला नाय. पयल्याच दिवशी माका कळला, तेव्हापासून माका जेवण गोड लागला नाय. मी तुका इचारलंय नाय, म्हटलंय तू सांगशीत तेव्हा सांगशीत."

 आठ दिवस हा इथे डबा बंद करत होता आणि ती तिथे ताट बाजूला सारत होती.

"जेवलंस?" त्यानं विचारलं.

"आता जेवतंय. आधी तू सांग. काय झाला होता ता?"

भिकाजीनं डब्याचं झाकण उघडून मांडीवर ठेवलं, पाठ भिंतीला टेकली आणि टायमर बिघडला तिथपासून सांगायला सुरुवात केली. अधूनमधून तो त्या टायमर पाठवणाऱ्यांना यथेच्छ शिव्या देत होता, आणि पलीकडे कुंदा जेवता जेवता हुंकार भरत होती.